कापसाची गाठ, मुकं जहाज आणि खांद्यावरचा रेडिओ

तर झालं असं. गेल्या रविवारी सकाळी पोह्यांची बशी नुकतीच समोर आली होती आणि अमरावतीच्या मित्राचा फोन आला. (खरं नाव देत नाही, लेकाचा इथलं सगळं वाचतो. आपण त्याला बंड्या म्हणू.)

"अबे, तू त इंजिनेर हायेस न? मंग मले सांग, बोटीवर ठेवाले वायरलेस कोनता चांगला?"

मी आधी विचारलं, बोट कोणाची? तर म्हणे आमची. बंड्या गेली बरीच वर्षं मुंबईत नोकरी करतो. दोन हिवाळे शिडाची बोट चालवायला शिकला आणि आता चौघांनी मिळून एक जुनी, बावीस फुटी शिडाची बोट घेतलीय. मला हसू आवरेना. अमरावतीचा माणूस! त्याचा तोवरचा नौकानयनाचा अनुभव म्हणजे वडाळी तलावात पायाने चालवायची बोट. मी अकोल्याचा, म्हणजे मीही काही दर्यावर्दी नव्हे. समुद्र आमच्यापासून साडेपाचशे किलोमीटर लांब, आणि पाणी म्हटलं की आम्हाला पहिल्यांदा आठवतं ते नळ किती दिवसांनी येणार हे.

पण पुढचं ऐकलं आणि हसू गेलं. मागच्या महिन्यात हे लोक संध्याकाळी परत येत असताना वारा पडला. ओहोटी लागलेली, त्यामुळे बोट हळूहळू बाहेर ओढली जायला लागली. मागचं छोटं इंजिन काही केल्या सुरू होईना. तीन फोनपैकी एक भिजला, एकाची बॅटरी संपली, तिसऱ्याला रेंज नव्हती. अंधार पडल्यावर एका कोळी बांधवाच्या बोटीने यांना पाहिलं आणि दोर टाकून ओढत आणलं. बोटीवर बंड्याची बारा वर्षांची मुलगी होती. अमरावतीहून त्याच्या बाबांनी तेवढ्या वेळात अकरा फोन केले होते.

"पोरगी काही बोलली नाही रे," बंड्या म्हणाला, "फक्त एवढंच विचारलं का बाबा, आपन कोनाले सांगू शकत नाही का?"

मी पोहे बाजूला ठेवले. सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं, डाव्या बाजूला रेडिओंची नावं, वर वॉट, बॅटरी, वजन, किंमत वगैरे रकाने केले. आणि मग, तेही सवयीप्रमाणेच, तक्ता राहिला बाजूला आणि मी इतिहासात शिरलो. कारण त्या पोरीचा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याची सुरुवात चक्क आमच्या वऱ्हाडापासून करता येते.

*

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होताच. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला रेल्वेचा रूळ अकोला, बडनेरा करत नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, बुलढाण्यात गेलं ते नंतर. एका कापसाच्या बाजारासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या बाजाराचं वजन समजावं.

त्याच १८७० साली आणखी एक गोष्ट झाली. सुएझहून एडनमार्गे मुंबईपर्यंत समुद्राच्या तळाशी तारेची केबल टाकून पूर्ण झाली. इंग्लंडहून निघालेला निरोप आता महिन्याऐवजी काही तासांत मुंबईला यायला लागला. लिव्हरपूलला कापूस काय भावाने गेला हे तारेने मुंबईला कळे आणि तिथून वऱ्हाडच्या बाजारांत. माझे पणजोबा अकोल्याला अडत्याकडे मुनीम होते. 'तार आली का?' हा त्यांच्या दुकानातला सकाळचा पहिला प्रश्न असायचा, असं आजोबा सांगत. (घरी मात्र तार आली की उघडायच्या आधीच बायका रडायला सुरुवात करत. एकच यंत्र, दुकानात वेगळं आणि घरात वेगळं.)

आता यातली गंमत बघा. कापसाचा भाव समुद्र ओलांडून बोलत होता, पण कापसाची गाठ ज्या जहाजात होती ते जहाज मुंबईचं बंदर सोडलं की मुकं. तारेला तार लागते, आणि चालत्या जहाजाला तार कशी बांधणार? पुढच्या बंदराला लागेपर्यंत ते आहे की बुडालं, हे कोणालाच सांगता येत नसे. १८८८ मध्ये 'वैतरणा' नावाची आगबोट, जिला लोक तिच्या विजेच्या दिव्यांमुळे 'वीजळी' म्हणत, कच्छच्या मांडवीहून मुंबईला येताना वादळात सापडली आणि शेकडो माणसांसकट नाहीशी झाली. ती नेमकी कुठे आणि कशी बुडाली हे सांगायला कोणी उरलं नाही. त्या काळी मालाच्या भावाला आवाज होता, माल वाहणाऱ्या माणसांना नव्हता.

*

हा आवाज दिला बिनतारी यंत्राने. १८९९ साली इंग्लंडच्या गुडविन वाळूच्या पट्ट्यावर एक जहाज रुतलं, तेव्हा तिथल्या दीपनौकेवरच्या मार्कोनीच्या यंत्राने किनाऱ्याला कळवलं आणि मदत आली. संकटात सापडलेल्या जहाजासाठी बिनतारी निरोप गेल्याच्या अगदी पहिल्या घटनांपैकी ही एक.

मग आली १९१२ सालची टायटॅनिक. सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय, त्यामुळे हिमनग वगैरे सांगत नाही. पण रेडिओची गोष्ट सिनेमात नीट येत नाही. टायटॅनिकवरचा रेडिओ त्या काळातला उत्तम होता आणि चालवणारे दोघे शेवटपर्यंत संदेश पाठवत होते. तिच्या सगळ्यात जवळच्या जहाजांपैकी एक होतं 'कॅलिफोर्नियन'. त्यावर एकच रेडिओवाला, सिरिल इव्हान्स. दिवसभर काम करून तो यंत्र बंद करून झोपला आणि त्यानंतर काही मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळली. लांबच्या 'कार्पेथिया'वरचा हॅरल्ड कॉटमही झोपायच्याच तयारीत होता, पण त्याचं यंत्र अजून सुरू होतं. जे सातशेवर लोक वाचले ते त्यामुळे. दीड हजारावर गेले.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, पाठवणारा सर्व्हर ठणठणीत होता, घेणारा बंद होता. १९१४ साली लंडनला देशांनी एकत्र येऊन जो समुद्रसुरक्षेचा करार केला, त्यात म्हणूनच ठरवलेल्या जहाजांवर चोवीस तास रेडिओ ऐकत राहण्याचं कलम आलं. पुढे रेडिओच्या खोलीतल्या घड्याळांवर तासातून दोनदा तीन-तीन मिनिटांचे लाल पट्टे रंगवलेले असत. त्या मिनिटांत सगळ्यांनी गप्प बसायचं आणि कोणी क्षीण आवाजात हाक मारतंय का ते ऐकायचं. मला ही कल्पना फार आवडते. जगभरची जहाजं तासातून सहा मिनिटं कान देऊन गप्प बसलेली!

*

आता आपल्याकडे येऊ. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला एक महिना बाकी. त्या दिवशी गटारी अमावस्या होती आणि सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही आगबोट रेवसला निघाली. जेमतेम दीड तासाचा प्रवास. बोटीत सातशेच्या वर माणसं, बरीचशी सणासाठी गावी जाणारी चाकरमानी मंडळी. काशाच्या खडकाजवळ वाऱ्यापावसात बोट कलली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली.

रामदासवर वायरलेस नव्हता. मुंबईसारखं बंदर हाकेच्या अंतरावर, पण हाक मारायला काही नाही. रेवसच्या मच्छीमारांनी समोर माणसं पाहिली म्हणून होड्या घातल्या आणि काही जणांना वर काढलं. मुंबईला बातमी कळेपर्यंत मात्र जवळजवळ संध्याकाळ झाली होती, आणि तीही पोहत, वाहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून. वायरलेस असता तर सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही, बोट काही मिनिटांतच उलटली होती. पण पावसाळी पाण्यात फळकुटाला धरून तरंगणाऱ्यांसाठी तासांचा फरक म्हणजे जगण्यामरण्याचा फरक. शिवाय त्याच कंपनीच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी वादळात बुडाल्या होत्या. म्हणजे धडा वीस वर्षं आधीच गिरवून झाला होता.

आणि योगायोग असा की रामदास बुडाली त्याच महिन्यात अमेरिकेत अटलांटिक सिटीला जगभरच्या रेडिओवाल्यांची परिषद चालू होती. मे ते ऑक्टोबर १९४७. कोणत्या कामाला कोणती फ्रिक्वेन्सी याची वाटणी तिथे झाली, आणि १५६.८ मेगाहर्ट्झ ही जहाजांना एकमेकांना हाक मारायला आणि सुरक्षेसाठी ठरवून दिली गेली. आज जिला चॅनल १६ म्हणतात ती हीच. बंड्या जो रेडिओ घेणार त्याचं मूळ या ठरावात आहे.

*

आता वाटेल, यंत्र मिळालं, चॅनल मिळालं, प्रश्न सुटला. तर तसं नाही. अजून दोन बोटींची गोष्ट सांगतो. दोन्ही आपल्या.

पहिली 'सुहेली'. ही शिडाची बोट मुंबईत, सागवानात बांधली गेली आणि १९६४ मध्ये पाण्यात उतरली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, जगात पहिल्यांदा. त्याच्या बोटीवर रेडिओ होता, पण तो वाटेतच बंद पडला. नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंडजवळ तो लोकांना दिसला, त्यानंतर थेट एप्रिल १९६९ मध्ये एका तेलवाहू जहाजाने त्याला पाहिलं. मधले साडेचार महिने तो आहे की नाही, हे घरच्यांनाही माहीत नव्हतं. म्हणजे पुन्हा वीजळीचा जमाना. फरक इतकाच की हा परत आला.

दुसरी 'तुरीया'. सुहेलीच्याच नमुन्यावर गोव्यात दिवाडी बेटावरच्या दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. (दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'तून २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले, तीही याच कारखान्यातली.) तुरीया घेऊन नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. शर्यतीचा नियम असा की १९६८ साली होती तेवढीच साधनं वापरायची, बाकीचं फक्त संकटासाठी. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने बोट उलटीपालटी झाली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या मणक्यांना जबर मार बसला. त्यांना उठताही येईना. छोट्या संदेशयंत्रावरून त्यांनी कसंबसं कळवलं की चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल. भारतीय नौदलाच्या विमानाने मॉरिशसहून जाऊन बोट हुडकली आणि २४ तारखेला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं.

या गोष्टीतला एक तपशील वाचला आणि मी एक्सेलचा तक्ता पुसून टाकला. टॉमींच्या बोटीवर दुसरा सॅटेलाइट फोन होता आणि हातात धरायचा व्हीएचएफ रेडिओही होता. दोन्ही संकटकाळच्या पिशवीत नीट बांधून ठेवलेले. आणि ते जिथे पडले होते तिथून त्या पिशवीपर्यंत त्यांना पोहोचता येत नव्हतं.

इतका तयारीचा, इतका शूर माणूस (याच माणसाने पाठीत टायटॅनियमचे रॉड घालून पुढची, २०२२ ची शर्यत पूर्ण केली आणि दुसरा आला!), त्याचाही रेडिओ अडला तो शेवटच्या दोन-चार फुटांवर. मग आपलं काय?

*

तर बंड्या, आता तुझं उत्तर.

पहिलं, वॉट बघत बसू नको. हातातले रेडिओ ५ किंवा ६ वॉटचे असतात आणि दुकानदार ६ वॉटचं कौतुक सांगतो. प्रत्यक्षात तो फरक एक डेसिबलपेक्षाही कमी, कानाला कळणार नाही. व्हीएचएफ जवळजवळ नजरेसारखं सरळ रेषेत जातं, म्हणून खरा खेळ उंचीचा. साधा हिशोब: अँटेना पाण्यापासून किती मीटर उंच त्याचं वर्गमूळ काढ आणि ४ ने गुण, आलं किलोमीटरमध्ये तिचं क्षितिज. दोन्ही टोकांची बेरीज म्हणजे पल्ला. बोटीत बसून एक मीटर उंचीवर रेडिओ धरलास तर तुझे ४ किलोमीटर. समोरही तशीच बोट असेल तर मिळून ८. समोर मोठं जहाज असेल, अँटेना २५ मीटरवर, तर ४ अधिक २० म्हणजे २४. आणि तू पाण्यात पडलेला असशील, रेडिओ जेमतेम पाव मीटर वर, तर तुझे फक्त २. म्हणून डोलकाठीवर अँटेना असलेला २५ वॉटचा कायमचा संच बोटीला हवाच. हातातला त्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला. बोटीची बॅटरी गेली, डोलकाठी मोडली किंवा बोटच गेली, की मग त्याची पाळी.

दुसरं, डीएससी आणि जीपीएस असलेलाच घे. झाकणाखाली लाल बटण असतं. ते दाबून धरलं की रेडिओ चॅनल ७० वर तुझा नऊ आकडी ओळख क्रमांक (भारताचा ४१९ ने सुरू होतो) आणि तू नेमका कुठे आहेस ते पाठवतो. मोठ्या जहाजांवरचं यंत्र ते चॅनल सतत ऐकत असतं. यंत्राला झोप येत नाही, हाच सिरिल इव्हान्सवरचा उपाय. शिवाय अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, अक्षांश-रेखांश वाचून दाखवायला लागत नाहीत. बारा वर्षांच्या मुलीलाही हे बटण दाबता येतं. तिला शिकव.

तिसरं, पाण्यात तरंगणारा घे. पाणी शिरत नाही असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण पाणी न शिरलेला रेडिओ तळाला जाऊन काय उपयोग? तरंगणारा, पाण्यात पडल्यावर आपोआप दिवा लुकलुकणारा मिळतो. जमलं तर साध्या पेन्सिल सेलवर चालणारी जास्तीची पेटीही घे, कारण चार्ज करायचं विसरणं हा आपला राष्ट्रीय गुण आहे.

चौथं, कागदपत्रं. हा रेडिओ म्हणजे एफएमचा डबा नाही. आपल्याकडे प्रक्षेपण करणारं यंत्र बाळगायला आणि वापरायला दूरसंचार खात्याची परवानगी लागते. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिनपरवाना वॉकी-टॉकी विकल्याबद्दल ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या होत्या. म्हणजे 'ऑनलाइन मिळतो' याचा अर्थ 'चालतो' असा नाही. तो ओळख क्रमांकही रीतसरच घ्यावा लागतो, मनाने टाकता येत नाही. आणि हो, अमरावतीला नेऊन गच्चीवरून हॅलो हॅलो करायचं नाही :-)

पाचवं, मोबाइल आहेच की असं म्हणू नको. मोबाइलवर तू एका माणसाला हाक मारतोस, आणि त्याने उचलला तर. चॅनल १६ वर जो जो कोणी पल्ल्यात ऐकतोय त्या सगळ्यांना ऐकू जातं. त्या दिवशी कोळी बांधवाने तुला डोळ्यांनी पाहिलं म्हणून वाचलास. १५५४ हा तटरक्षक दलाचा नंबर फोनमध्ये ठेवच, पण रेंज आणि बॅटरी दोन्ही असतील या भरवशावर पोरीला घेऊन जाऊ नको.

आणि सहावं, ज्यासाठी हे सगळं पुराण लावलं. रेडिओ केबिनमध्ये ठेवायचा नाही. पिशवीत तर नाहीच. लाइफ जॅकेटला, खांद्याजवळ, क्लिप आणि दोरीने अडकवायचा. डावा हात मोडला तर उजव्याला आणि उजवा मोडला तर डाव्याला मिळेल असा. दुकानात गेलास की आधी जॅकेट घालून तो अडकवून बघ. टोचला, जड झाला, खाली वाकताना मधे आला, तर तू तो दुसऱ्याच दिवशी काढून केबिनमध्ये ठेवशील, मग त्यात किती का फीचर असेनात. अंगावर राहील असा मध्यम किमतीचा रेडिओ हा पिशवीतल्या भारी रेडिओपेक्षा कधीही चांगला.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. पोहे केव्हाच गार झाले होते. बंड्या बराच वेळ गप्प होता.

मग म्हणाला, "म्हंजे दोन घ्या लागतीन."

"दोन कशाला?"

"एक मायासाठी, एक पोरीसाठी. मीच पान्यात पडलो त तिनं कोनाले सांगाव?"

इतिहास वाचून मला जे सुचलं नव्हतं, ते त्याला सुचलं. असो. पोहे पुन्हा गरम करून खाल्ले.